मालवाहू गाडीची मागील उंची व फिरत्या दांड्याचे कोन

शेतमाल शेतातून निघाला म्हणजे शेतकऱ्याची चिंता संपली असे होत नाही. नारायणगाव परिसरातील टोमॅटो किंवा ओतूरकडील कांदा लहान मालवाहू गाडीत भरला जातो, ती गाडी रात्री माळशेज घाट उतरते आणि कल्याणमार्गे पहाटे वाशीच्या बाजारात पोहोचते. अनेक ठिकाणी ही गाडी शेतकऱ्याच्या घरचीच असते. बैलजोडीची निगा जशी घरचा मनुष्य स्वतः पाहतो, तशीच या गाडीची निगाही मालकाने जाणतेपणाने पाहणे आता आवश्यक झाले आहे.

या गाड्यांच्या बाबतीत एक प्रथा सर्वत्र आढळते. माल भरला की गाडी मागे बसते, चाक मडगार्डला घासू लागते, म्हणून मागील पाटे वाढवून गाडी उंच केली जाते. हे काम अर्ध्या दिवसात होते, खर्चही फार येत नाही, आणि गाडी ताठ उभी राहिलेली पाहून मालकास समाधान वाटते. परंतु काही आठवड्यांतच गाडी थरथरू लागते, खालून गुणगुण ऐकू येते, वर्षभर टिकणारा क्रॉस वारंवार बदलावा लागतो. दोष क्रॉसला दिला जातो. वास्तविक दोष क्रॉसचा नसून, मागील आसाची जागा व फिरत्या दांड्याचे कोन बिघडल्याचा असतो. हे कोन म्हणजे काय, ते का बिघडतात व ते कसे तपासावेत याची माहिती प्रत्येक गाडीमालकास असली पाहिजे.

उंची कोणत्या रीतीने वाढविली जाते

मागील उंची वाढविण्याच्या तीन रीती प्रचारात आहेत. पहिली, पाट्यांच्या जुडग्यात एक-दोन पाटे अधिक घालणे किंवा असलेल्या पाट्यांना अधिक कमान देऊन घेणे. दुसरी, पाटे व मागील आस यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा बसवून लांब यू बोल्टने आवळणे. तिसरी, पाट्याच्या मागील टोकास असलेले शॅकल, म्हणजे झुलती पट्टी, अधिक लांबीची घालणे. तिन्ही रीतींनी गाडी उंच होते. मात्र मागील आसावर त्यांचा होणारा परिणाम एकसारखा नसतो.

पाट्याचे पुढचे टोक गाडीच्या सांगाड्याला खिळीने पक्के जोडलेले असते व मागचे टोक शॅकलमुळे मागेपुढे हलू शकते. पाट्याची लांबी ठरलेली असल्यामुळे त्याला अधिक कमान दिली की त्याची दोन टोके एकमेकांच्या जवळ येतात. पुढचे टोक अचल असल्याने पाट्याच्या मध्यावर बांधलेला आस किंचित पुढे सरकतो. शॅकल लांब केले तर पाट्याचे मागचे टोक खाली जाते, सारा पाटा पुढील खिळीभोवती थोडा वळतो आणि त्याबरोबर आसही वळून त्याच्या पुढील बाजूचे पिनियनचे नाक वर उचलले जाते. सपाट ठोकळा घातला असता आस वळत नाही, केवळ सांगाड्यापासून खाली जातो. परंतु ठोकळा जितका उंच, तितका आसाला पीळ देणाऱ्या तरफेचा हात लांब होतो. चढावर पहिल्या गिअरमध्ये जोर लावताना पिनियनचे नाक एरवीही थोडे वर उचलले जाते. उंच ठोकळ्यामुळे ते अधिकच उचलले जाते.

सांध्याचा स्वभाव

गिअरबॉक्सपासून मागील आसातील पिनियनपर्यंत शक्ती वाहून नेणाऱ्या दांड्यास कारागीर प्रोपेलर शाफ्ट किंवा जॉइंट शाफ्ट म्हणतात. गिअरबॉक्स सांगाड्यावर बसविलेला असतो व मागील आस खड्ड्याखळग्यांबरोबर खालीवर होत असतो. म्हणून दांड्याच्या दोन्ही टोकांस वाकून फिरणारे सांधे ठेवावे लागतात. दोन काटे व त्यांच्यामध्ये अधिक चिन्हाच्या आकाराचा तुकडा अशी या सांध्याची रचना असते, आणि या तुकड्यावरूनच त्यास क्रॉस हे नाव पडले आहे. सोळाव्या शतकातील इटालियन विद्वान कार्दानो व सतराव्या शतकातील इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांची नावे या सांध्याशी जोडली गेली आहेत. मोटारगाडीसाठी बंदिस्त सांध्याचे पेटंट क्लॅरेन्स स्पायसर यांना अमेरिकेत १९०३ साली मिळाले.

या सांध्याचा एक स्वभाव ध्यानात ठेवला पाहिजे. सांधा सरळ रेषेत असेल तर पुढील काटा ज्या गतीने फिरतो त्याच गतीने मागील काटाही फिरतो. सांधा वाकलेला असेल तर मात्र तसे होत नाही. पुढील काटा अगदी एकसारख्या गतीने फिरत असला तरी मागील काटा प्रत्येक फेऱ्यात दोन वेळा वेग घेतो आणि दोन वेळा मंदावतो. फेऱ्यांची एकूण संख्या तीच राहते, पण चाल अडखळत होते. कोन जसा वाढतो तसे हे अडखळणे झपाट्याने वाढते. कोन लहान असताना तो दुप्पट झाला तर अडखळणे जवळजवळ चौपट होते.

दांडा मिनिटास २,४०० फेरे घेत असेल तर तो सेकंदास ४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदात ८० वेळा ही ओढाताण होते. चालकास जी थरथर जाणवते आणि जी गुणगुण ऐकू येते तिचे मूळ येथे आहे.

दोन कोन समान का हवेत

यावर उपाय म्हणून दांड्याच्या मागील टोकास दुसरा सांधा असतो. पहिल्या सांध्याने गतीला दिलेला पीळ हा दुसरा सांधा उलगडतो. परंतु त्यासाठी दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. पहिली अट अशी की, दोन्ही सांध्यांचे कोन समान असावेत. दुसरी अट अशी की, दांड्याच्या दोन्ही टोकांचे काटे एकाच पातळीत असावेत. दांडा जमिनीवर आडवा ठेवला व पुढचा काटा आडवा असला, तर मागचा काटाही आडवाच दिसला पाहिजे.

या अटी पाळल्या असता पिनियनला मिळणारी गती पुन्हा एकसारखी होते. एका दांड्याच्या साध्या मांडणीत याचा व्यवहारातील अर्थ असा होतो की, गिअरबॉक्सच्या मागील टोकाचा अक्ष व पिनियनचा अक्ष एकमेकांस समांतर असले पाहिजेत. ते एका रेषेत असण्याची आवश्यकता नाही. एक वर व एक खाली असला तरी चालतो, परंतु दोघांचा कल सारखा हवा.

वेगाने फिरणाऱ्या दांड्यात प्रत्येक सांध्याचा कोन ३ अंशांच्या आत असणे उत्तम, आणि दोन कोनांतील फरक १ अंशाहून अधिक नसावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. गाडीच्या पुस्तिकेत वेगळे आकडे दिले असल्यास तेच प्रमाण मानावेत. कोन अगदी शून्य असणेही इष्ट नाही. क्रॉसच्या टोपणात सुईसारखे बारीक रूळ असतात. थोडा कोन असला तरच ते जागचे हलतात व त्यांना ग्रीस मिळते. कोन मुळीच नसेल तर ते एकाच जागी दाबले जाऊन क्रॉसवर खाचा पडतात. म्हणून अर्धा ते एक अंश तरी कोन असावा.

एका उदाहरणावरून हिशेब

समजा, एका गाडीत गिअरबॉक्सचे टोक व पिनियन यांच्यामध्ये आडवे अंतर १२० सेंटिमीटर आहे आणि पिनियन गिअरबॉक्सपेक्षा १५ सेंटिमीटर खाली आहे. अशा गाडीत दांड्याचा उतार सुमारे ७ अंश असतो. गिअरबॉक्सचा अक्ष मागील बाजूस ४ अंश उतरता आहे व पिनियनचा अक्षही तितकाच उतरता, म्हणजे त्याचे नाक ४ अंश वर आहे. दांड्याच्या उतारातून अक्षाचा उतार वजा केला की सांध्याचा कोन मिळतो. पुढे ७ वजा ४ म्हणजे ३ अंश आणि मागे ७ वजा ४ म्हणजे ३ अंश. दोन्ही कोन समान व लहान आहेत. गाडी शांतपणे चालते.

आता या गाडीच्या आसाखाली गेलेल्या जागेत ५ सेंटिमीटरचा सपाट ठोकळा घातला. पिनियन आता २० सेंटिमीटर खाली गेले. दांड्याचा उतार सुमारे साडेनऊ अंश झाला. दोन्ही सांध्यांचे कोन साडेपाच अंश झाले. ते अजून समान आहेत, म्हणून पिनियनला एकसारखी गती मिळेल. परंतु मधला दांडा स्वतः पूर्वीच्या तिपटीहून अधिक अडखळत फिरेल व त्याचा मार दोन्ही क्रॉसवर, मधल्या खाचदार जोडणीवर आणि गिअरबॉक्सच्या मागील बेअरिंगवर बसेल. शिवाय दोन टोकांतील अंतर सुमारे ७ मिलिमीटर वाढल्याने खाचदार जोडणीची पकड तितकी कमी होईल. हे अंतर लहान दिसते, परंतु चाक खोल खड्ड्यात उतरते तेव्हा ते मूळच्या अंतरात मिळविले जाते, हे विसरता कामा नये.

पाचर मारण्यातील चूक

येथेच बहुतेक ठिकाणी नेमकी उलटी उपाययोजना होते. गाडी उंच केल्यावर मागील सांधा जास्त वाकलेला दिसतो. तो सरळ करावा म्हणून पाटे व आस यांच्यामध्ये पाचर मारून पिनियनचे नाक दांड्याकडे वर उचलले जाते. डोळ्यांना दांडा व पिनियन एका रेषेत आलेले दिसतात आणि काम चोख झाले असे वाटते.

वरील उदाहरणात ३ अंशांची पाचर मारली असे समजू. पिनियनचा कल ४ वरून ७ अंश झाला. मागील कोन साडेनऊ वजा ७ म्हणजे अडीच अंश राहिला. पुढील कोन मात्र साडेपाच अंशच आहे. पहिला सांधा जितका पीळ देतो तितका दुसरा आता उलगडू शकत नाही. शिल्लक राहणारी ओढाताण सुमारे ५ अंशांवर चालणाऱ्या एकट्या सांध्याइतकी असते आणि ती थेट क्राउन-पिनियनच्या दातांवर जाते. पाचर मारण्यापूर्वी गाडीत जो दोष नव्हता तो पाचरीने निर्माण केला. लांब शॅकल घातल्यानेही पिनियनचे नाक उचलले जाऊन हाच परिणाम होतो. अशा वेळी पाचरीचा खरा उपयोग वळलेला आस पुन्हा मूळच्या कलावर आणण्यापुरताच आहे. सांध्यांत दिसणारा सरळपणा हा चांगल्या जोडणीचा पुरावा नव्हे. दोन कोनांची समानता हाच तिचा पुरावा होय.

याला एक अपवाद आहे. काही चारचाकी जोराच्या गाड्यांत पुढील टोकास दोन क्रॉसचा जोडसांधा असतो. तो आपला पीळ आपणच उलगडतो. तेथे पिनियनचे नाक दांड्याकडेच रोखलेले ठेवावे लागते, आणि जोर लावताना ते वर उचलले जाते म्हणून १ ते २ अंश खालीच राखतात. ही रीत साध्या दोन सांध्यांच्या गाडीस लावल्यामुळे अनेकांचे नुकसान होते.

लांब गाड्यांत दांडा दोन तुकड्यांचा असून मध्ये रबरात बसविलेले बेअरिंग असते. अशा गाडीत तीन सांधे असतात. तिन्हींचे कोन पुस्तिकेप्रमाणे तपासावे लागतात. उंची वाढविल्यावर गाडी उभ्यावरून हलताना झटके देऊ लागली, तर मधल्या बेअरिंगच्या जागी कोन वाढला असल्याचा संशय घ्यावा.

दोष ओळखण्याची लक्षणे

लक्षणे नीट पाहिली असता दोष कोठे आहे याचा अंदाज येतो.

१. ठराविक वेगावर थरथर येते, वेग बदलला की जाते. कोन असमान असण्याचे हे प्रमुख लक्षण आहे.

२. चढावर जोर लावताना थरथर वाढते व पाय उचलताच कमी होते. जोरामुळे पिनियनचे नाक उचलले जात असल्याचे हे चिन्ह होय.

३. भरलेली गाडी ठीक चालते, परंतु बाजारातून रिकामी परतताना थरथरते. वाढविलेल्या पाट्यांमुळे रिकाम्या गाडीची मागील उंची फार वाढली असली पाहिजे.

४. गिअर बदलताना खालून टणत्कार ऐकू येतो. क्रॉसमध्ये किंवा खाचदार जोडणीत ढिलाई आली आहे.

५. क्रॉसच्या टोपणाभोवती तांबूस भुकटी दिसते. आतील ग्रीस संपून रूळ गंजले आहेत. असा क्रॉस त्वरित बदलावा.

टायरचा तोल बिघडल्यानेही थरथर येते, म्हणून प्रथम चाकांची तपासणी करून घेणे योग्य ठरते.

कोन मोजण्याची रीत

हे कोन मोजण्यास महाग साधनाची गरज नाही. कोनदर्शक पातळी मिळाल्यास उत्तम. ती नसल्यास मुलांच्या कंपासपेटीतील कोनमापकाच्या मध्यबिंदूस दोरा बांधून त्यास एक नट लटकवावा. हा ओळंबा झाला. कोनमापकाची सरळ कड दांड्यास लावली असता दोरा ९० अंशांपासून जितका ढळेल तितका त्या दांड्याचा उतार समजावा.

गाडी सपाट व कठीण जागेवर उभी करावी. इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी, हातब्रेक ओढावा व चाकांना पुढून-मागून अटकाव लावावा. गाडी जॅकवर उचलून मोजमाप करू नये. आस लोंबकळता असला म्हणजे कोन खोटे येतात. गाडी आपल्या चाकांवरच उभी असावी. खाली शिरण्यास जागा नसेल तर चारही चाके मजबूत व समान उंचीच्या फळ्यांवर चढवावीत.

तीन ठिकाणी उतार मोजावा: गिअरबॉक्सच्या मागील टोकाशी, दांड्याच्या नळीवर आणि पिनियनच्या टोकाशी. गिअरबॉक्स व पिनियन यांच्या गोल चकत्यांचे तोंड उभे असते. त्या तोंडास पट्टी लावून ती उभ्या रेषेपासून किती ढळते हे पाहिले की त्या अक्षाचा उतार मिळतो. प्रत्येक माप दोनदा घ्यावे. आकडे एका वहीत लिहून वजाबाकी करावी. हीच मापे एकदा रिकाम्या गाडीवर व एकदा नेहमीचा माल भरून घ्यावीत. गाडी नवी असतानाच ही मापे घेऊन ठेवली तर पुढे तुलना करणे सोपे जाते.

मागील आसाची जागा तपासणे

आस आपल्या जागी राहतो तो पाट्याच्या मध्यखिळीमुळे. या खिळीचे डोके आसावरील बैठकीच्या भोकात बसते. ठोकळा किंवा पाचर बसविताना हे डोके भोकात नीट बसले नाही, किंवा यू बोल्ट ढिले राहून खिळ तुटली, तर आस एका बाजूस सरकतो. मग गाडी रस्त्यावर तिरकी चालते व टायर एका कडेने झिजतात.

हे तपासण्यासाठी पाट्याच्या पुढील खिळीपासून आसाच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंस मोजावे. तसेच पुढील चाके सरळ ठेवून पुढील व मागील चाकांच्या मध्यबिंदूंतील अंतर दोन्ही अंगांनी मोजावे. डाव्या व उजव्या मापांत फरक आढळल्यास गाडी बाजारास नेऊ नये.

ठोकळे एकावर एक रचू नयेत. लाकडी तुकडा किंवा पत्र्याची घडी कधीही वापरू नये. पाचर पोलादी असावी व ती मध्यखिळीत ओवलेली असावी. पाटे खोलले म्हणजे यू बोल्ट नवे घालावेत, व पहिली खेप झाल्यावर ते पुन्हा आवळून पाहावेत.

घाटातील धोका

हा विषय केवळ खर्चाचा नाही. भरलेली गाडी घाट उतरत असता खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीस धरून ठेवीत असते. दांडा तुटला की इंजिन व चाके यांचा संबंध सुटतो आणि सारा भार एकट्या ब्रेकवर येतो. पुढील क्रॉस तुटला तर दांड्याचे मोकळे टोक रस्त्यावर आदळते, आणि फिरता दांडा जवळून गेलेल्या ब्रेकच्या नळीस तडाखा देऊ शकतो.

उंची वाढविल्याने ब्रेकवर आणखी एका रीतीने परिणाम होतो. पुष्कळ मालवाहू गाड्यांत मागील आस व सांगाडा यांच्यामध्ये एक दांडी जोडलेली असते. गाडी किती बसली आहे यावरून ही दांडी मागील चाकांच्या ब्रेकचा जोर कमी-अधिक करणाऱ्या झडपेस चालविते. गाडी मुद्दाम उंच केली तर भरलेली गाडीही रिकामी आहे असे झडपेस भासते आणि मागील ब्रेक कमी लागतो. म्हणून पाट्यांत कोणताही बदल झाल्यास ही झडप पुस्तिकेप्रमाणे पुन्हा जुळवून घेणे अत्यावश्यक आहे. ब्रेकची रबरी नळी ताणली जात नाही ना, शॉक ॲब्सॉर्बर पुरते पडतात ना, दिव्यांचा झोत योग्य जागी पडतो ना, हेही पाहावे.

ट्रॅक्टरच्या पी. टी. ओ. दांड्यासही हाच नियम

ट्रॅक्टरकडून रोटाव्हेटर, फवारणी यंत्र किंवा मळणी यंत्र चालविणारा पी. टी. ओ. दांडा याच दोन सांध्यांचा बनलेला असतो. सर्वसाधारणपणे तो मिनिटास ५४० फेरे घेतो. एकटा सांधा ३० अंशांवर वाकलेला असेल तर पुढील गती प्रत्येक फेऱ्यात सुमारे ४६८ व ६२४ यांच्यामध्ये हेलकावे खाते, आणि हे सेकंदात १८ वेळा घडते. दुसरा सांधा समान कोनात असेल तरच यंत्रास शांत गती मिळते.

रोटाव्हेटरच्या बाबतीत ही समानता टॉप लिंकच्या लांबीवर अवलंबून असते. ती नको तितकी आखूड वा लांब केली की रोटाव्हेटर पुढे किंवा मागे कलतो, त्याच्या गिअरपेटीचा अक्ष ट्रॅक्टरच्या पी. टी. ओ. अक्षास समांतर राहत नाही आणि क्रॉस तुटू लागतात. रोटाव्हेटर कामाच्या खोलीवर उतरवून, ट्रॅक्टर बंद करून, बाजूने पाहावे व टॉप लिंक फिरवून दोन्ही अक्ष समांतर करावेत. शेताच्या टोकाशी वळताना अवजार उचलण्यापूर्वी पी. टी. ओ. बंद करावा.

दांड्याचे दोन भाग धुण्यासाठी वेगळे केले असता ते पुन्हा जोडताना आतील दोन्ही काटे एकाच पातळीत येतील असे पाहावे. चौकोनी नळीचा दांडा पाव फेऱ्याने चुकून बसू शकतो. तसे झाल्यास दुसरा सांधा पीळ उलगडण्याऐवजी वाढवितो. २० अंशांच्या कोनात ५४० ची गती मग सुमारे ४७७ ते ६११ यांच्यामध्ये हेलकावत राहते. दोन नळ्या एकमेकींत पुरेशा शिरलेल्या आहेत याचीही खात्री करावी.

येथेही प्राणांचा प्रश्न आहे. ५४० फेरे म्हणजे सेकंदास ९ फेरे. दहा सेंटिमीटर जाडीचा सांधा या गतीने एका सेकंदात पावणेतीन मीटरांहून अधिक कापड गुंडाळून घेतो. पदर, उपरणे किंवा धोतराचा सोगा अडकल्यावर मनुष्यास हात हलविण्यासही अवधी मिळत नाही. दांड्यावरील प्लॅस्टिकचे आवरण ग्रीस भरण्यास अडचण होते म्हणून काढून टाकण्याची सवय घातक आहे. आवरणाखेरीज दांडा चालवू नये व चालत्या दांड्यावरून ओलांडून जाऊ नये.

बदल करण्यापूर्वी विचार

पाटे वाढविल्याने गाडीची वजन वाहण्याची अधिकृत मर्यादा वाढत नाही. नोंदणीपत्रात लिहिलेले एकूण वजन ठरविताना पाट्यांबरोबरच आस, ब्रेक, टायर व सांगाडा यांचाही विचार केलेला असतो. एक पाटा वाढविला म्हणून बाकीचे भाग बळकट होत नाहीत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या सुधारणेने बेकायदा बदलासाठी मालकास शिक्षेची स्वतंत्र तरतूद केली असून, जादा वजनाबद्दल वीस हजार रुपये व वरील प्रत्येक टनास दोन हजार रुपये दंड अधिनियमात नमूद केला आहे. म्हणून कोणताही बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करावी.

गाडी मागे बसत असेल तर प्रथम माल किती भरला जातो हे वजनकाट्यावर पाहावे. वजन मर्यादेत असूनही गाडी बसत असेल तर पाटे जुने होऊन त्यांची कमान मोडलेली असते. अशा वेळी मूळ मापाचेच नवे पाटे घालावेत. त्यामुळे उंची पूर्ववत होते आणि कोन आपोआप जुळतात. पूर्वीच कोणी उंची वाढविली असल्यास वरील रीतीने कोन मोजावेत. ते असमान असतील तर पाचरी व लांब शॅकल काढून आस मूळ कलावर आणावा. समान असूनही फार मोठे असतील तर वाढविलेली उंची कमी करणे हाच सर्वांत स्वस्त व सुरक्षित उपाय होय.

क्रॉसला निपल असल्यास पुस्तिकेत सांगितलेल्या अंतराने ग्रीस भरावे. गाडीखाली उतरून तीन मापे घेण्यास व दोन वजाबाक्या करण्यास अर्धा तास पुरतो. कांद्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वी व पावसाळा संपल्यावर, असा वर्षातून दोन वेळा हा अर्धा तास प्रत्येक गाडीमालकाने काढावा. घाटात भरल्या गाडीनिशी रात्र काढण्याची पाळी त्यामुळे टळू शकेल.